त्वचा, केस आणि घरी येऊन होणारी रक्ततपासणी: बेळगाव सीमाभागातल्या नवख्यांसाठी

बेळगाव शहरातच नव्हे, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडेही आता मोबाइलवरून रक्ततपासणी मागवता येते. सकाळी गाडीवरून लॅबचा माणूस येतो, रक्त घेतो आणि एक-दोन दिवसांत व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट येतो. मुरूम जात नाहीत, केस मुठीने गळतात, मान काळी पडली, टाचा-कोपर खरखरीत झाले, की लोक डॉक्टरांआधी हीच वाट धरतात. मी स्वतः घरोघरी जाऊन रक्त घेण्याचं काम करते. रोज दिसतं ते असं, की घाम गाळून मिळवलेला पैसा नको त्या तपासण्यांवर जातो आणि हवी ती तपासणी नको त्या दिवशी होते. कातडीचे डॉक्टर बहुतेक बेळगावातच बसतात. कणकुंबी किंवा अथणीकडून यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. त्या दिवशी हातात मोजकाच पण कामाचा रिपोर्ट असला, तर ती फेरी फुकट जात नाही. त्यासाठी काय करायचं, ते क्रमाने सांगते.

घरी नेमकं काय होतं

घरी होतं ते फक्त रक्त घेणं. मोजणी लॅबमधल्या यंत्रावरच होते. बोटाला टोचून कार्डावर रक्ताचे थेंब वाळवायचे आणि कुरिअरने पाठवायचे, असे किटही ऑनलाइन दिसतात. आपल्याकडे मी ते सुचवत नाही. थेंब येत नाही म्हणून बोट पिळलं की त्यात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा बिघडतो. पावसाळ्यात जांबोटीच्या हवेत कपडे वाळत नाहीत, तिथे ते कार्ड काय वाळणार? थायरॉइडची झटपट पट्टी मिळते, तीही टीएसएच (मेंदूतून येणारं, थायरॉइडला चालवणारं हार्मोन) ठरावीक हद्दीच्या वर आहे की नाही एवढंच सांगते, आकडा देत नाही. कोपराच्या खोबणीतल्या शिरेतून घेतलेलं रक्तच खात्रीचं.

गावोगावच्या शिबिरांत हातात धातूची कांडी धरायला देतात आणि थोड्या वेळात हार्मोन, व्हिटॅमिन, खनिजं सगळ्यांचा जाडजूड रिपोर्ट छापून देतात. त्यावर एक रुपयाही घालू नका. रक्त न घेता व्हिटॅमिन डी किंवा थायरॉइड मोजता येत नाही. अशा रिपोर्टनंतर बहुधा डब्यातली पावडर विकायला काढतात, तेवढं ध्यानात घ्या.

पायरी 1: सुईच्या आधी कातडी नीट बघा

दिवसाच्या उजेडात, खिडकीशी उभं राहून चेहरा, मान, काखा, कोपर, बोटांचे सांधे, नखं आणि जीभ बघा. फोटो काढून ठेवा. मग स्वतःला चार प्रश्न विचारा. कातडीच्या बऱ्याच तक्रारींचं कारण रक्तात नसतं, ते इथेच सापडतं.

तोंडाला काय लावता? मेडिकलमधून आणलेल्या गोरं करणाऱ्या किंवा गजकर्णाच्या मलमाची नळी उलटून घटक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. महिनोन् महिने लावलं की चेहरा लाल पडतो, कातडी पातळ होते, मुरूम उठतात, बारीक लव वाढते. गजकर्ण तर वरून दबतं आणि आजूबाजूला पसरतं. अशा वेळी हार्मोनचा रिपोर्ट नॉर्मलच येणार. 2018 पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी ती सर्रास मिळतात. सीमाभागातल्या घराघरांत मला ही नळी दिसते, आणि तिच्यामुळे खराब झालेले तरुण मुलींचे चेहरे बघून जीव तुटतो. मात्र बरेच दिवस लावलेलं असेल तर एकदम बंद करू नका, कातडी उसळते. डॉक्टरांना नळी दाखवून हळूहळू सोडवून घ्या.

काम काय करता? चंदगड-खानापूर पट्ट्यात काजूच्या टरफलाच्या तेलाने हात भाजून काळे पडतात. निपाणीकडे तंबाखूत हात असणाऱ्या बायकांच्या बोटांचा रंग बदलतो, खाज येते. बांधावरच्या गाजर गवताची अॅलर्जी पापण्या, मान, कोपराच्या घड्या अशा ठिकाणी उठते आणि ते गवत वाढलं की जोर करते. या तिन्हींना रक्ततपासणीत उत्तर नाही.

गेल्या तीन-चार महिन्यांत मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा कडक डाएट झालं का? डेंग्यू-टायफॉइडनंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळतात आणि बहुतेकांचे सहाएक महिन्यांत आपोआप थांबतात. तिथे फार तर लोह बघावं.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे स्पर्श, चटका कमी जाणवतो का? असेल तर लॅबला फोन करू नका. थेट सरकारी दवाखान्यात जा. हा कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारकडून फुकट मिळतं, तो पूर्ण बरा होतो, आणि वेळेत गेलं तर हातापायाची नस वाचते.

पायरी 2: लक्षणावरून तपासणी ठरवा

पॅकेज बघून ठरवू नका. लॅबच्या 'नॉर्मल' हद्दी अशा आखलेल्या असतात, की शंभर निरोगी माणसांतले साधारण पाच जण त्याबाहेर पडतात. म्हणजे ठणठणीत माणसाने वीस तपासण्या केल्या तरी सरासरी एक आकडा लाल अक्षरात येतोच. मग त्या एका आकड्यामागे धावपळ सुरू होते. सत्तर-ऐंशी तपासण्यांची स्वस्त पॅकेजं म्हणूनच मला पटत नाहीत.

कातडी कोरडी, थंड, चेहरा सुजल्यासारखा, केस विरळ, वजन वाढतंय, थंडी सोसत नाही: इथे टीएसएच पुरे. ते बिघडलेलं निघालं तरच फ्री टी-4 (थायरॉइड ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन) करा. अंगावर पित्त उठणं सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल किंवा कोडाचे पांढरे डाग आले असतील, तर थायरॉइडशी त्यांचं नातं असू शकतं. त्यांनीही टीएसएच बघून घ्यावं.

केसगळती, नखं पातळ होऊन चमच्यासारखी खोलगट, दम लागणं, पाळीला जास्त अंगावरून जाणं: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, त्यात हिमोग्लोबिनही येतं) आणि फेरिटिन. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका. शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. साठा कळतो तो फेरिटिनवरून. पण ताप, सर्दी, कसलाही संसर्ग असताना फेरिटिन उगाच वर दिसतं, म्हणून बरं वाटायला लागून दोनेक आठवडे झाल्यावर करा.

बोटांचे सांधे आणि नखांभोवतीची कातडी काळवंडली, जीभ गुळगुळीत लाल, तोंडाचे कोपरे चिरतात, हातापायाला मुंग्या: बी-12. आपल्याकडे शुद्ध शाकाहारी घरं भरपूर, त्यामुळे ही कमतरता नेहमीची आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ती दिसते, मग घरात मटण-मासे चालत असले तरी. सांध्यांवरचा तो काळेपणा पाहून कितीजणी ब्लीचचे पैसे घालवतात. बी-12 भरून निघालं की तो बऱ्याचदा उतरतो.

व्हिटॅमिन डीबद्दल स्पष्ट सांगते. डी कमी म्हणून मुरूम किंवा कोरडेपणा आला, असा ठोस पुरावा नाही. सोरायसिस, एक्झिमा, चाई अशा विकारांत ते कमी सापडतं, पण गोळीने कातडी सुधारेलच असं म्हणता येत नाही. 2024 च्या अमेरिकन एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांत धडधाकट माणसाची सरसकट डी तपासणी करू नये, असंच सांगितलंय. हाडं-स्नायू दुखत असतील, अंग कायम झाकलेलं असेल, दिवसभर सावलीत काम असेल, तर करा. नाव मात्र नीट बघा: 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी हवं. 1,25 नावाची तपासणी वेगळी आहे, महागही आहे आणि या कामाला उपयोगाची नाही. खानापूरच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर आभाळ फाटलेलं असतं. तिथल्या माणसाचा आकडा गणपतीनंतर कमी आणि उन्हाळ्याच्या शेवटी जास्त दिसणं स्वाभाविक आहे. दोन वेळच्या रिपोर्टची तुलना करताना महिना बघा.

हनुवटी आणि जबड्याच्या कडेला खोल, दुखणारे मुरूम, ओठावर-हनुवटीवर जाड केस, पाळी पस्तीस दिवसांच्या पुढे जाते, डोक्यावरचे केस भांगाशी विरळ: इथे पीसीओएसचा (अंडाशय आणि हार्मोनचा बिघाड, लोक पीसीओडी म्हणतात तो) संशय येतो. टोटल टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), एसएचबीजी (ते हार्मोन रक्तातून वाहून नेणारं प्रथिन), प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन), टीएसएच यांनी सुरुवात करा. डीएचईएएस आणि 17-हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉन डॉक्टर म्हणतील तर करा. एक आकडा वाढला म्हणून पीसीओएस ठरत नाही. 2003 साली रॉटरडॅममध्ये ठरलेल्या निकषांप्रमाणे पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोनचा जोर आणि सोनोग्राफीतलं अंडाशयाचं चित्र, या तिनांतल्या दोन गोष्टी लागतात. त्याआधी इतर कारणंही नाकारावी लागतात. पाळी वेळेवर येते आणि फक्त मुरूम आहेत, अशा पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींना बहुतेक वेळा एकाही हार्मोन तपासणीची गरज नसते. मुरमांचे उपचार त्याशिवाय सुरू होतात. आयांनो, लेकीला सुई टोचायला लावण्याआधी हे वाक्य पुन्हा वाचा.

तरुण पोरांबद्दल एक. तालमीत किंवा जिममध्ये ताकदीची इंजेक्शनं, गोळ्या घेतल्या की पाठ-छाती मुरमांनी भरते. तिथे तपासणीपेक्षा खरं सांगणं जास्त उपयोगी पडतं. डॉक्टर कुणाला सांगत नाहीत.

मान, काखा मखमलीसारख्या जाड आणि काळ्या पडल्या असतील, तर ती घासून जाणारी घाण नव्हे. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. उपाशीपोटी साखर आणि एचबीए1सी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) करा. उपाशीपोटी इन्सुलिनची तपासणी बहुतेकांना लागत नाही.

जोंधळ्याच्या भागातली एक जुनी गोष्ट इथे सांगावीशी वाटते. 1960 च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं, की जवळपास जोंधळ्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा विकार होतो. गळ्याभोवती, हाताच्या मागे, जिथे ऊन लागतं तिथेच काळे खपलीदार पट्टे उठतात, सोबत जुलाब आणि मन खचणं. भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगा, अंडी असली की भीती नाही. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत किंवा रोज दारू पिणाऱ्यांत असे पट्टे दिसले, तर घरच्या तपासणीत वेळ घालवू नका. डॉक्टर नुसतं बघून ओळखतात.

कॉर्टिसॉल, झिंक, व्हिटॅमिन ए, इस्ट्रोजेन हे 'त्वचा पॅकेज'मध्ये हमखास असतं. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका.

पायरी 3: लॅब निवडा

शहराचे पिनकोड 590 ने सुरू होतात, तालुक्यांतले बहुतेक 591 ने. बऱ्याच कंपन्या शहरापुरतीच घरपोच सेवा देतात. अॅपमध्ये 'बेळगाव' सापडलं नाही तर 'बेळगावी' असं शोधा. 2014 च्या नोव्हेंबरपासून सरकारी नाव तेच आहे. गाव यादीत नसेल तर तालुक्याच्या गावी कलेक्शन सेंटरवर सकाळी जाणं कधीही बरं. वडापने दूरवर फिरलेली नळी त्यापेक्षा वाईट.

फोनवर एवढं विचारून घ्या:

- लॅबला एनएबीएलची (लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का आणि माझी तपासणी त्या मान्यतेत येते का? रिपोर्टवर एमसी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो.
- रक्त कुठे तपासलं जाणार: बेळगावात, की बेंगळुरू-पुणे-मुंबईला जाणार? बाहेर जाणार असेल तर इथे सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारं पिवळसर पाणी) वेगळं करून थंड ठेवून पाठवता का?
- एकेका तपासणीचा दर काय, आणि घरी यायचे वेगळे पैसे आहेत का?
- बाईमाणूस येईल का? हे मागायला संकोच नको.

कर्नाटकात खाजगी दवाखाने आणि लॅबना 2007 च्या राज्य कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र आणि दरपत्रक दर्शनी लावलेलं असायला हवं. कलेक्शन सेंटरवर गेलात की भिंतीकडे नजर टाका. दर पटला नाही तर सीबीसी आणि साखर सरकारी तालुका दवाखान्यातही होते. पैसे खर्चायचेच तर ते फेरिटिन, बी-12 असल्या तपासण्यांसाठी राखा.

पायरी 4: दिवस आणि वेळ ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

केसांसाठी घेतलेल्या गोळ्यांत बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं, बहुतेकदा 5,000 ते 10,000 मायक्रोग्रॅम. अनेक लॅबची यंत्रं बायोटिनच्याच रसायनावर चालतात. त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-3, टी-4 खोटे जास्त दिसू शकतात. थायरॉइड वाढलंय असा रिपोर्ट हातात येतो आणि माणूस निष्कारण घाबरतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. तपासणीआधी निदान दोन-तीन दिवस ही गोळी थांबवा. डोस मोठा असेल तर डॉक्टरांना विचारून जास्त दिवस. रक्त घ्यायला आलेल्यालाही सांगा. 'केस-नखं-त्वचा' असं लिहिलेल्या गमीमध्येही बायोटिन असतं, ती औषधात मोडत नाही म्हणून लोक सांगत नाहीत.

पाळी येणाऱ्या बायकांनी टेस्टोस्टेरॉन वगैरे हार्मोनसाठी रक्त पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सकाळी द्यावं. पाळी महिनोन् महिने येतच नसेल तर डॉक्टर दिवस ठरवतील. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हे आकडे दबलेले येतात. गोळ्या थांबवून साधारण तीन महिने जावे लागतात. पण स्वतःच्या मनाने थांबवू नका, नाहीतर नको असलेली गर्भधारणा व्हायची.

प्रोलॅक्टिन ताणाने, धावपळीने, झोपेतून उठल्या उठल्या वर असतं. उठून दोन-तीन तास झाल्यावर, दहा-पंधरा मिनिटं शांत बसून रक्त द्या. अॅसिडिटीच्या गोळीत डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असेल तर त्यानेही ते चांगलंच वाढतं. या गोळ्या आपल्याकडे शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात, म्हणून पाकिटाचा फोटो काढून ठेवा.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर रक्त देऊन झाल्यावर त्या दिवशीची गोळी घ्या. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतं. दर वेळी साधारण एकाच वेळेला द्या.

उपाशी राहायचं ते साखरेसाठी: आठ ते दहा तास, फक्त पाणी. संकष्टीला चालतो तो चहा इथे चालत नाही, साबुदाणाही नाही. टीएसएच, डी, एचबीए1सी यांना उपाशी राहायची गरज नाही. बी-12 ला काही लॅब उपाशी बोलावतात, तेव्हा एकाच सकाळी सगळं उरकणं सोपं. बी-12 किंवा डी घेणं नुकतंच सुरू केलं असेल, तर आता तपासून मूळ कमतरता कळणार नाही. औषधाआधी तपासा.

पायरी 5: रक्त देताना

आदल्या दिवशी पाणी भरपूर प्या, शिर सहज सापडते. सैल बाहीचे कपडे घाला. चक्कर येत असेल तर आधीच सांगून आडवे व्हा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सुई नवी, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं. हातमोजे हवेत. हार्मोन आणि व्हिटॅमिनसाठी पिवळ्या किंवा लाल टोपणाची नळी लागते, सीबीसी आणि एचबीए1सीला जांभळी, साखरेला करडी. नळीवर नाव, वय आणि वेळ तुमच्यासमोरच लिहायला लावा. एकाच घरात सासू-सून दोघींचं रक्त घेतलं आणि नळ्या नंतर लिहिल्या, तर अदलाबदल झाली तरी कुणाला कळत नाही. नाव आधारवर आहे तसंच सांगा, माहेरचं एकदा आणि सासरचं एकदा असं नको. पुढे जुने रिपोर्ट एकाच माणसाचे आहेत हे दाखवताना अडतं.

पिवळ्या नळीतलं रक्त अर्धा तास गोठू द्यायचं, मग लवकर फिरवून सीरम वेगळं करायचं. एप्रिल-मेच्या उन्हात चिकोडी-अथणीकडे नळी गाडीच्या डिकीत तापली तर नमुना खराब होतो. थंड डबा आणलाय का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सुई काढल्यावर हात न दुमडता, कापूस पाचेक मिनिटं दाबून ठेवा. चोळू नका, निळं पडतं. रिपोर्टवर 'नमुना हिमोलाइज्ड' असा शेरा आला तर रक्तपेशी फुटल्या आहेत. लॅबने विनाशुल्क पुन्हा रक्त घ्यावं, तसं मागा.

मुलीचा रिपोर्ट तिच्याच नंबरवर मागवा. घरातल्या कुणाच्या तरी फोनवर आला की तो कौटुंबिक ग्रुपवर पोचतो आणि 'हिला पीसीओडी आहे' हे स्थळ बघणाऱ्यांच्या कानावर जातं. मी हे होताना बघितलंय. त्यात तिचा काहीही दोष नसतो, भोगावं मात्र तिला लागतं.

पायरी 6: रिपोर्ट वाचा, पण एकक बघून

डी आणि बी-12 दोन वेगवेगळ्या एककांत येतात. डी नॅनोग्रॅममध्ये 20 असेल तर नॅनोमोलमध्ये 50 दिसतं, म्हणजे अडीचपट. मागच्या रिपोर्टशी ताडताना आधी एकक जुळतं का बघा.

डी 20 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमी समजतात. 60,000 युनिटचं पाकीट डॉक्टर बहुधा आठवड्याला एक असं काही आठवडे देतात. ते रोज घेणारी, किंवा वर्षानुवर्षं घेत राहणारी माणसंही भेटतात. त्याने रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, तहान, मूत्रपिंडाला इजा होते. 100 च्या वर आकडा गेला तर गोळी थांबवून डॉक्टरांना गाठा.

बी-12 200 पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, 200 ते 300 ही संशयाची पट्टी. तिथे डॉक्टर होमोसिस्टीन (बी-12 कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) बघायला सांगतात. बी-12 ची इंजेक्शनं सुरू झाल्यावर काहींच्या चेहऱ्या-छातीवर एकाएकी मुरूम येतात. ते त्या इंजेक्शनचेच असू शकतात, नव्या हार्मोन तपासण्या करत बसू नका.

फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलाय. लॅबची हद्द 10 पासूनची असली तरी केसगळतीत बरेच कातडीचे डॉक्टर 30-40 च्या वर न्यायचा प्रयत्न करतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. चहा आणि गोळीत निदान तासभर ठेवा, वर लिंबूपाणी घेतलं तर उत्तम.

टीएसएच साधारण 0.4 ते 4.5 च्या आत नॉर्मल, गरोदरपणात हद्द वेगळी. 4.5 ते 10 मध्ये आलं आणि टी-4 ठीक असेल, तर लगेच जन्मभराची गोळी ठरत नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघतात.

एचबीए1सी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, 6.5 आणि वर म्हणजे मधुमेह. लोह कमी असताना हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. दोन्ही एकत्र आले तर उपाशीपोटीच्या साखरेवर जास्त भरवसा ठेवा. ती 126 आणि वर म्हणजे मधुमेह.

बाईचं टोटल टेस्टोस्टेरॉन 150-200 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं, किंवा थोड्याच महिन्यांत आवाज घोगरा, दाढीसारखे केस, टक्कल असं झपाट्याने होत गेलं, तर वाट बघू नका. अंडाशय किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ आहे का, हे त्याच आठवड्यात बघायला हवं.

पायरी 7: डॉक्टरांकडे

बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स आणि केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय, दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. निपाणीकडचे कोल्हापूरला, खानापूर-चंदगडच्या सीमेवरचे गडहिंग्लजलाही जातात. जायला जमतच नसेल तर सरकारच्या ई-संजीवनीवर घरातून डॉक्टरांशी फुकट बोलता येतं. रिपोर्ट आणि फोटो तिथे पाठवता येतात.

सोबत न्यायचं: कागदावर छापलेला रिपोर्ट, आधी काढलेले फोटो, लावत असलेल्या प्रत्येक मलमाची नळी आणि गोळ्यांची पाकिटं, शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा. मलमाची नळी लपवू नका, बऱ्याचदा सगळं निदान तिच्यातच असतं.

औषध सुरू झालं की पुन्हा तपासायची घाई नको. थायरॉइडच्या गोळीनंतर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी, फेरिटिन, डी आणि एचबीए1सी तीन महिन्यांनी. त्याआधी केलेली तपासणी काही सांगत नाही. दर वेळी तीच लॅब ठेवा. लॅब बदलली की यंत्र आणि पद्धत बदलते, मग आकडा का हलला ते डॉक्टरांनाही ठरवता येत नाही. केस तर त्याहून सावकाश दिसतात. लोह भरून निघाल्यावरही भांगाशी नवी लव यायला तीन-चार महिने लागतात, तोवर गोळी सोडू नका.